रायफल अंगाला बसवून देणारी रेंज: सोलापुरातल्या एअर रायफल फिटिंग सेवेचा आढावा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका जुन्या यंत्रमाग शेडमध्ये १० मीटरची एअर रायफल रेंज चालते. आठ लेन, हाताने फिरवायच्या पुलीवरची कागदी टार्गेटं, मागे तिरप्या पोलादी पत्र्याचे ट्रॅप. अशा रेंज आता बऱ्याच गावांत झाल्या आहेत. इथलं वेगळेपण हे, की आपली रायफल घेऊन गेलं तर दोन तास देऊन ती आपल्या अंगाला बसवून देतात आणि तिला कोणते छर्रे मानवतात तेही तपासून देतात. फिटिंगचे १,५०० रुपये, छर्र्यांच्या बॅच टेस्टचे ६०० वेगळे, छर्रे आपले. एरवी या कामासाठी सोलापूरच्या मुलांना सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणे गाठावं लागतं, नाहीतर कोल्हापूर.

मत आधी सांगून टाकतो. ही सेवा घ्यावी, आणि शक्यतो नवी रायफल विकत घ्यायच्या आधी घ्यावी. काम करणाऱ्यांना काम येतं. दोन बाबतीत मात्र रेंज कमी पडते: शिशाच्या धुळीची व्यवस्था आणि लहान वयाच्या मुलांच्या हातात दिल्या जाणाऱ्या रायफली.

अशा सेवेला मोजपट्टी कोणती लावायची? आमच्या मते ती दीडशे वर्षांपूर्वीच तयार झालेली आहे. बंदूक दुकानात दाखवायची, पण बसवायची आणि पारखायची मोकळ्या मैदानात, हा रिवाज व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनच्या बंदूककारांनी पक्का केला. त्यांची दुकानं शहराच्या सगळ्यात महागड्या वस्तीत होती. हॅरिस हॉलंड हे मुळात तंबाखूचे व्यापारी. १८३५ मध्ये त्यांनी बंदुकांचा धंदा धरला, पुढे पुतण्या हेन्री भागीदार झाला आणि 'हॉलंड अँड हॉलंड'ची पाटी ९८, न्यू बाँड स्ट्रीटवर झळकली. त्याच रस्त्यावर चार्ल्स लँकॅस्टरचं दुकान. पर्डी हे दुसरे बंदूककार १८८० च्या दशकात साउथ ऑड्ली स्ट्रीटवर गेले. काचेच्या कपाटात दुनळी बंदुका, गालिचा, मापाची वही, सगळं होतं. फक्त बार उडवायला जागा नव्हती. त्याआधीच्या पिढीत जोसेफ मँटन यांच्या डेव्हिस स्ट्रीटवरच्या गॅलरीत पिस्तुलाचा सराव चाले, कवी बायरन तिथला नेहमीचा गिऱ्हाईक. पण चार भिंतींत पिस्तूल चालतं. उडत्या पक्ष्यावर रोखायची बारा बोअरची छर्र्याची बंदूक तिथे कशी पारखणार? म्हणून बंदूककारांनी शहराच्या कडेला, रेल्वेने अर्ध्या तासात पोचता येईल अशा शेतजमिनी घेतल्या. हॉलंडचं मैदान वायव्य लंडनमधल्या केन्सल राइजला होतं.

त्या मैदानावर काय असायचं ते नीट समजून घेतलं, की आपल्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये काय असायला हवं तेही कळतं.

पहिली वस्तू म्हणजे चुना फासलेला लोखंडी पत्रा. याचे दोन उपयोग, आणि दोन्हींची अंतरं वेगळी. चाळीस यार्डांवरून बार टाकला की छर्र्यांचा फैलाव दिसतो. पत्र्यावर ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतले ठिपके मोजायचे. बारा बोअरच्या काडतुसात सव्वा औंसाहून थोडं कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश औंस, सहा नंबरचे इंग्लिश छर्रे भरले तर ते ३०४ होतात. सरळ नळीतून त्यातले सुमारे ४० टक्के, म्हणजे १२० च्या आसपास वर्तुळात पडतात. तोंडाशी आवळलेल्या, पूर्ण चोकच्या नळीतून ७० टक्के, म्हणजे २१० च्या वर. प्रत्येक बारानंतर पत्र्यावर पुन्हा चुन्याचा हात मारायचा की पुढचा बार. न्यूकॅसलच्या पेप यांनी १८६६ मध्ये चोकचं पेटंट घेतलं होतं; पण चोकचा फायदा सगळ्यांना पटला तो १८७५ मध्ये, 'द फील्ड' साप्ताहिकाने भरवलेल्या चाचण्यांत असे ठिपके जाहीरपणे मोजले गेले तेव्हा.

दुसरा उपयोग फिटिंगचा, आणि तो सोळा यार्डांवरून. सोळाच का? डोळ्यापासून नळीच्या तोंडावरच्या मण्यापर्यंतचं अंतर साधारण एक यार्ड धरतात. त्यामुळे सोळा यार्डांवर बार एक इंच डावीकडे पडत असेल, तर दस्त्यात एक इंचाचा सोळावा भाग सुधारायचा. चार इंच खाली पडत असेल तर दस्त्याची वरची कड पाव इंच उंच हवी. समरूप त्रिकोणांचं हे शाळेतलं गणित पत्र्यावर उभं केल्यामुळे फिटर एकाही शब्दाचा वाद न घालता माप काढू शकत असे. नेम धरून मारायचं नाही, बंदूक झटकन खांद्याला लावून सोडायची, हे मात्र गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा बजावावं लागे. कारण सावकाश नेम धरला की माणूस वेडावाकडा होऊन चुकीच्या दस्त्याशी स्वतःच जुळवून घेतो आणि माप खोटं निघतं.

दुसरी वस्तू ट्राय-गन. बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. पी. जोन्स यांनी १८८९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. दस्त्याला बिजागऱ्या आणि स्क्रू: लांबी वाढवा-कमी करा, दस्ता खाली झुकवा, डावी-उजवीकडे वळवा. पत्र्यावरचे बार मध्यभागी पडू लागले की स्क्रू कसायचे, मापं वहीत उतरवायची, आणि त्या मापाचा दस्ता अक्रोडाच्या लाकडात कोरायचा. दुकानात कोपराच्या खाचेत दस्ता टेकवून 'बसतोय की' म्हणण्याची पद्धत तेव्हाही होती, आजही आहे, आणि तेव्हाही ती निरुपयोगीच होती. मानेची लांबी, गालाची जाडी, खांद्याचा उतार यांतलं काहीच कोपराला कळत नाही.

आता एमआयडीसीत या. इथे अंतर १० मीटर, हातात बारा बोअरच्या जागी ४.५ मिमीची एअर रायफल, आणि नेम धरायची साइट फिरवता येते. त्यामुळे बार डावीकडे पडतो म्हणून दस्ता वळवायची गरज नाही. पण त्रिकोण तोच. मागच्या पीप साइटपासून, म्हणजे डोळ्यासमोरच्या बारीक भोकापासून, पुढच्या रिंगपर्यंतचं अंतर सुमारे ८० सेंटीमीटर धरलं तर साइटमधली चूक टार्गेटवर साडेबारा पट होते. एअर रायफल टार्गेटचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचारचा. छर्र्याच्या भोकाची कड ठिपक्याला शिवली की दहा. म्हणजे केंद्रापासून अडीच मिलिमीटरपर्यंतची चूक माफ. साडेबाराने भागा: साइटमध्ये फक्त ०.२ मिलिमीटर. डोळा पीपच्या मध्यापासून किंचित सरकला, मान दोन शॉटमध्ये वेगळी टेकली, की दहाचा नऊ होतो. फिटिंगचं सगळं महत्त्व यात आहे: डोळा, गाल आणि खांदा प्रत्येक शॉटला त्याच जागी यायला हवेत, आणि तेही स्नायूंना जोर न लावता.

इथली फिटिंगची पद्धत आम्हाला पटली. क्रम बरोबर आहे. आधी मुख्य डोळा कोणता ते दोन्ही तळहातांच्या खिडकीतून लांबच्या खिळ्याकडे बघायला लावून ठरवतात. मग रायफलशिवाय उभं करतात: पाय खांद्याइतके फाकलेले, अंग टार्गेटला काटकोनात, डावी कंबर टार्गेटच्या दिशेने पुढे, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकेल असं. शूटिंग जॅकेट घातलेलंच पाहिजे, हा आग्रह धरतात, आणि तो फार योग्य आहे. जॅकेट न घालता घेतलेलं माप जॅकेट घातल्यावर बदलतं. जुने लंडनकर फिटरही गिऱ्हाइकाला शिकारीचा जाड कोट घालूनच मैदानावर बोलवत.

त्यानंतर दस्त्याची लांबी. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर सपाट यावं, मनगट वळू नये, आणि डोळा पीपपासून साधारण ५ ते ८ सेंटीमीटरवर राहावा. मग बटप्लेटची, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाची, उंची: ती खाली सरकवली की रायफल वर येते आणि डोकं ताठ राहतं. नवशिक्यांच्या रायफलीत बटप्लेट नेहमी वर असते, म्हणून मुलं मान मुरगाळून पीपमध्ये डोकावतात; पंचेचाळीस मिनिटांनी मान दुखते आणि शेवटचे वीस शॉट वाया जातात. मग चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा आधार. डोळे मिटून गाल टेकवायचा, सैल सोडायचा, डोळे उघडायचे. पीपमध्ये पुढची रिंग मधोमध दिसली तर ठीक. वर-खाली दिसली तर चीकपीस सरकवायचा, डोकं नव्हे. शेवटी तोल: पुढे वजन लावून बघणं, डाव्या हाताखालचा आधार उंच-सखल करणं.

रायफल लागल्यावरची खरी कसोटी म्हणजे नैसर्गिक रोख. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. नळी डावीकडे गेलेली दिसली तर हातांनी ओढून आणायची नाही. मागचा पाय किंचित सरकवून सगळं अंग वळवायचं. वर-खाली गेली तर बटप्लेट किंवा डाव्या हाताची जागा बदलायची. आम्ही पाहिलेल्या फिटिंगमध्ये फिटरने चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीची बटप्लेट एकदाच आठ मिलिमीटर खाली घेतली, पाच शॉट कोऱ्या कार्डावर मारायला लावले, कार्ड बदललं, पुन्हा पाच. काळा गोल नसलेल्या कार्डावर नेम साधायची घाई होत नाही आणि भोकांचा फैलाव स्वच्छ दिसतो. उभा पसरट झालेला ग्रुप दुसऱ्या कार्डावर गोल झाला. एका वेळी एकच स्क्रू, दर बदलानंतर पाच शॉट, आणि प्रत्येक पट्टीवरचा आकडा कागदावर. बहुतेक घोळ होतात ते एकाच दिवशी चार गोष्टी फिरवल्यामुळे. मग कशामुळे सुधारलं आणि कशामुळे बिघडलं ते कोणालाच कळत नाही.

जाताना हातात एक कागद देतात: लांबी, बटप्लेट, चीकपीस, साइटचे क्लिक, पुढच्या रिंगचा आकार, आणि दोन्ही कार्डं टाचून. हा कागद जपून ठेवा. रायफल साफ करताना किंवा प्रवासात काही हललं तर तोच कामाला येतो. कार्ड टाचून देणं आम्हाला विशेष आवडलं. 'द फील्ड'चे संपादक जॉन हेन्री वॉल्श यांनी १८५८ पासून बंदुकांच्या चाचण्या भरवल्या आणि आकडे छापले. तोवर कोणती बंदूक चांगली हे बंदूककाराच्या तोंडावर अवलंबून होतं. वॉल्श यांचा स्वतःचा डावा हात बंदूक फुटून जायबंदी झाला होता, त्यामुळे त्यांना गुळगुळीत जाहिरातींपेक्षा मोजलेला निकाल हवा होता. १८८३ च्या त्यांच्या रायफल चाचण्यांत हॉलंड अँड हॉलंडने सगळे वर्ग जिंकले आणि ती गोष्ट कंपनीने पुढे वर्षानुवर्षं आपल्या जाहिरातीत मिरवली. मिरवायचा हक्क होता, कारण आकडे तिसऱ्याने मोजले होते.

बॅच टेस्टकडे वळू. मॅच रायफलीचे छर्रे सपाट तोंडाचे, वजनाला अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त. डब्यावर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा छापलेला असतो आणि शिवाय बॅच नंबर. एकाच कंपनीच्या, एकाच व्यासाच्या दोन बॅचेस एकाच नळीत वेगळ्या वागतात. इथे रायफल शिकंज्यात धरतात ती नळीला नव्हे, मधल्या धातूच्या भागाला, आणि दर वेळी सारख्याच ताकदीने आवळतात. पहिले पाच-सहा छर्रे नळी नव्या शिशाला सरावावी म्हणून सोडून देतात, मग प्रत्येक बॅचचे दहा. भोक बाहेरून बाहेर मोजायचं. दहा छर्र्यांचं मिळून एकच भोक सहा मिलिमीटरच्या आत आलं तर ती बॅच ठेवा आणि परवडत असेल तर वर्षभराचे डबे एकदम घ्या. सात-आठच्या पुढे गेलं तर दुसरी बॅच. इथे एक उणीव: इलेक्ट्रॉनिक टार्गेट नसल्यामुळे कितवा शॉट बाहेर गेला ते कळत नाही. नववा-दहावा एकदम बाजूला पडला असेल तर दोष छर्र्यांचा की शिकंजा ढिला झाल्याचा, हे कागदावरून ओळखता येत नाही. पाच-पाचच्या दोन कार्डांवर टेस्ट घ्यायला सांगा, त्याने अर्धी शंका मिटते. मागितलं तर ते करून देतात.

याच कामाचा जुना अवतार फार अवघड होता. हत्ती-वाघाच्या शिकारीसाठी बनणाऱ्या दुनळी रायफलीत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडायला हव्यात. नळ्या अगदी समांतर जोडल्या तर त्या पडत नाहीत. कारण उजवी नळी सुटली की धक्क्याने रायफल उजवीकडे वळते, डावी सुटली की डावीकडे, आणि गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच हे वळणं सुरू झालेलं असतं. म्हणून नळ्या पुढे किंचित जवळ आणून जोडतात. किती जवळ, हे कागदावरच्या हिशेबाने निघत नाही. कारागीर मैदानावर दोन्ही नळ्या उडवी, भोकं पाही, नळ्यांच्या तोंडामधली छोटी पाचर दिव्याने डाख वितळवून एक केसभर आत-बाहेर करी, थंड होऊ देई, पुन्हा उडवी. दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर एकत्र पडेपर्यंत हेच. आणि हे सगळं एका ठराविक काडतुसासाठी. बारूद बदलली की जुळणी गेली.

इथेच सोलापूरसारख्या हवेचा प्रश्न येतो. कॉर्डाइट ही त्या काळची धूररहित बारूद उष्णतेला हळवी: थंडीत भरलेलं काडतूस उन्हाळ्यात जास्त दाब देई, वेग बदले, कधी रिकामी पुंगळी नळीत अडकून बसे. म्हणून हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी कमी बारुदीची वेगळी काडतुसं बनत आणि रायफल त्यांच्यावरच जुळवून पाठवली जाई. ज्या बंदूककाराकडे स्वतःचं मैदान नव्हतं, त्याला हे करणं शक्यच नव्हतं. पॅराडॉक्स हीदेखील अशीच चीज: कर्नल फॉसबरी यांच्या १८८५ च्या पेटंटवर हॉलंडने बनवलेली, नळीच्या शेवटच्या काही इंचांतच गोळीला फिरकी देणारे आटे असलेली दुनळी, छर्रेही फेकणारी आणि गोळीही. असली बंदूक पत्र्यावर आणि गोळीच्या टार्गेटवर दोन्हीकडे उडवल्याशिवाय विकता येत नसे.

आपल्या एअर रायफलीत बारूद नाही, २०० बारपर्यंत दाबाने भरलेली हवा असते, आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला ठराविकच हवा सोडतो. तरीही मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये काही काळजी घ्यावीच लागते. सिलिंडर भरताना हवा तापते. लगेच बॅच टेस्ट सुरू करू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. भरलेला सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवू नका. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. मॅच रायफलींच्या कंपन्या दहा वर्षांनंतर तो बदलायला सांगतात, सेकंडहँड रायफल घेताना ही तारीख पहिली बघा. कंप्रेसरला पाणी वेगळं काढणारा फिल्टर आहे का, ते विचारा. इथे आहे आणि दर थोड्या वेळाने पाणी सोडून देतात, हे आम्ही पाहिलं. ओली हवा आत गेली तर व्हॉल्व्हच्या सीटवर गंज चढतो आणि रायफल रात्रभरात हवा सोडू लागते. ऑक्सिजनच्या नळकांड्यातून भरण्याचा विचारही मनात आणू नका. तेलाचा अंश असला तर स्फोट होतो.

प्रकाश पुरेसा आहे. टार्गेटवर १,५०० लक्स हवेत असा नियम सांगतो. इथले दिवे टार्गेटपुरते वेगळे आहेत आणि लखलखत नाहीत. व्होल्टेज पडलं तरी फरक पडत नाही, कारण लाईन इन्व्हर्टरवर आहे. पंखे फायरिंग लाइनच्या मागे आहेत, टार्गेटकडे वारा जात नाही, कार्ड हलत नाही. शेड पत्र्याची असल्याने दुपारी आत उभं राहवत नाही. जाड जॅकेट घालून तर नाहीच. सकाळी सात ते दहाची वेळ घ्या.

आता तक्रारी.

ट्रॅपचा पत्रा ४५ अंशांत आहे, जाडी व्यवस्थित, खाली वाळूचा ट्रे. छर्रा उलटून येत नाही. पण छर्रा पत्र्यावर आपटून सपाट होतो तेव्हा शिशाची बारीक भुकटी उडते, आणि इथे ती कोरड्या झाडूने लोटतात. हे ताबडतोब बंद व्हायला हवं. कोरडा झाडू ती भुकटी हवेत उडवतो आणि ती थेट मुलांच्या छातीत जाते. ओलं पोतेरं किंवा बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम, ट्रेमधलं शिसं झाकणाच्या डब्यात, आणि लोटताना मास्क, एवढं तरी व्हावं. हात धुवायला बेसिन आहे, साबण कधी असतो, कधी नसतो. पालकांनी साबण स्वतः न्यावा, मुलांना छर्रे तोंडात धरू देऊ नये, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये. रेंजवर खाणं-पिणं चालू देतात, तेही बंद व्हायला हवं. वाढत्या वयाच्या मुलांना शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. यात सवलत नको.

दुसरी तक्रार रेंजच्या भाड्याच्या रायफलींची. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हातात मोठ्यांची चार-साडेचार किलोची रायफल देतात, दस्त्याची लांबी कमी होत नाही म्हणून मूल मागे वाकून ती पेलतं. कंबरेचा खालचा मणका सगळा भार घेतो. नियमाप्रमाणे एअर रायफल ५.५ किलोपर्यंत असू शकते, पण ती मर्यादा मोठ्यांच्या स्पर्धेची. शाळकरी मुलाला हलकी, आखूड दस्त्याची ज्युनिअर रायफल हवी. ती नसेल तर स्टँडवर टेकवून शिकवावं. फिटिंग करणाऱ्यांना हे कळतं, त्यांनी रेंजमालकांना सांगितलंही आहे. पण जोवर ज्युनिअर रायफली येत नाहीत, तोवर बारा वर्षांखालच्या मुलासाठी ही रेंज आम्ही सुचवणार नाही.

सुरक्षेची शिस्त चांगली आहे. 'लोड', 'फायर', 'स्टॉप' असे मोठ्याने हुकूम, लाइनमागे नळीत रंगीत सुरक्षा दोरी, पुढे कोणी गेलं तर सगळ्यांच्या रायफली खाली. बंद शेड असल्यामुळे शेजारच्या कारखान्यांना त्रास नाही. लंडनच्या मैदानांची खरी डोकेदुखी हीच होती. शहर वाढलं, रेल्वेच्या कडेने घरांच्या रांगा आल्या, छर्रे कोणाच्या तरी परड्यात पडू लागले, आणि मैदानं बाहेर सरकत गेली. हॉलंडचं मैदान आज नॉर्थवुडला आहे. मोठ्या रायफलींचं तर त्याहून कठीण. विम्बल्डनच्या माळावर १८६० मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेत खुद्द राणीने दोरी ओढून, टेकूवर घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीचा ४०० यार्डांवर पहिला बार काढला; तीस वर्षांनी, १८९० मध्ये, वस्ती वाढल्यामुळे तो सगळा पसारा बिस्लीला हलवावा लागला. ती रायफल बनवणाऱ्या व्हिटवर्थ यांनी स्वतःच्या प्रयोगांसाठी मँचेस्टरजवळ ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली होती, केवळ वाऱ्याचा परिणाम वगळायला. जिवंत पारव्यांवरची नेमबाजी हर्लिंगहॅम क्लबात १८६९ पासून चाले, ती १९०५ मध्ये बंद झाली. १८८० मध्ये सिनसिनाटीच्या लिगोव्स्की यांनी नेमबाजीसाठी हवेत फेकायच्या मातीच्या तबकडीचं पेटंट घेतल्यामुळे मैदानांना पक्ष्यांची गरजही उरली नव्हती. तिथेच नेमबाजी शिकवण्याचाही धंदा उभा राहिला. लँकॅस्टरचं दुकान चालवणारे हेन्री थॉर्न हे त्यातले नावाजलेले उस्ताद. १८८७ मध्ये लंडनला आलेल्या अ‍ॅनी ओकलीने त्यांच्याकडून बंदुकाही घेतल्या आणि इंग्लिश पद्धतीचे धडेही.

कायद्याबद्दल पालक नेहमी विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफलीचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने निघतो, ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपास, बरीच खाली. तरी बिल, ओळखपत्राची प्रत आणि स्पर्धेचं पत्र रायफलच्या केसमध्येच ठेवा, आणि रेल्वेत केस कुलूपबंद न्या.

वेळ फोनवर ठरवून मगच जा. शनिवार-रविवारी फिटिंग करत नाहीत, कारण लेन भरलेल्या असतात. जाताना स्वतःचं जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, एकाच कंपनीच्या किमान तीन वेगळ्या बॅचेसचे डबे, आणि रायफलचे अ‍ॅलन की घेऊन जा. त्यांच्याकडचा सेट सगळ्या कंपन्यांना बसत नाही. रायफल अजून घेतलेली नसेल तर आधी त्यांच्या हलत्या दस्त्याच्या रायफलीवर माप काढून घ्या आणि तो कागद दुकानदारासमोर ठेवा. ज्या रायफलीचा दस्ता त्या मापापर्यंत सरकत नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. फिटिंगनंतर महिनाभर स्क्रूंना हात लावू नका. अंग वाढतं म्हणून मुलांचं फिटिंग मात्र दर सहा महिन्यांनी पुन्हा करावं, आणि पुन्हा येणाऱ्यांना इथे अर्धीच फी लागते.